बाटलीभर कॅल्शियम, थेंबभर कॅल्शियम

पहाटे ५.४५

पहिला फोन बोरवड्याचा. "डॉक्टर, म्हस काल सांजंला व्याली. रेडकू ब्येस हाय, पर म्हस बसली ती उठंनाच झालीया." मी तीनच गोष्टी विचारतो. कान गार लागतात का, मान कुशीकडं वळवून बसली आहे का, रात्रीपासून शेण टाकलंय का? पलीकडून म्हातारी न अडखळता तिन्हीची उत्तरं देते आणि वर सांगते, "डोळं बी जड झाल्यात तिचं." निदान तिनंच करून टाकलेलं असतं. मी फक्त बाटली घेऊन जायचं.

जानेवारीचे दिवस. बिद्रीच्या कारखान्याचा गळीत हंगाम भरात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चाललेल्या. दूधगंगेकडून येणारा गारठा हाडात शिरतो. गोठ्यात पोचल्यावर आधी बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवली. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट, ४५० मिलीलिटर. मग मानेच्या शिरेत सुई, एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप छातीवर. घाई केली तर याच औषधानं काळीज थांबतं, म्हणून ठोके ऐकत ऐकत धार कमीजास्त करायची. बाटली संपत आली तशी म्हशीच्या अंगावर थरथर उठली, नाकपुडीवर दव आलं, तिनं ढेकर दिला आणि शेण टाकलं. अर्ध्या तासानं पुढचे गुडघे रोवून उभी राहिली. म्हातारीनं पदर डोळ्याला लावला.

दुग्धज्वरात ताप नसतोच, उलट अंग गार पडतं. चीक तयार होताना रक्तातलं कॅल्शियम एकदम कासेकडं ओढलं जातं. हाडांतला साठा तेवढ्या वेगानं बाहेर येत नाही आणि स्नायू लुळे पडतात. दुखणं एका रात्रीत येतं आणि एका बाटलीत जातं. हे मी इथं तपशिलानं सांगतोय, कारण दिवसभरात याच कॅल्शियमच्या अभावाचं अगदी दुसरं, महिनोन् महिने चालणारं रूप मला हाताळायचं असतं. ते सरड्यांमध्ये दिसतं.

सकाळी ७.३०

दूध संस्थेच्या कट्ट्यावर थांबलो की पाचसहा जनावरांची चौकशी उभ्याउभ्या होते. या दिवसांत वैरण म्हणजे उसाचं वाढं. फडातून फुकट किंवा स्वस्तात मिळतं, जनावर आवडीनं खातं, त्यामुळं नुसत्या वाढ्यावर गोठे चालतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि तसंच शेणावाटे बाहेर नेतं. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत लसूणघास द्या, खनिज मिश्रण चुकवू नका, हे मी इथं रोज सांगतो.

कोल्हापूरहून इग्वाना घेऊन येणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. फक्त वाढ्याच्या जागी पालक म्हणायचा.

सकाळी ९.००

दवाखाना उघडला. गोठ्यातले बूट आणि कपडे बाहेरच्या खोलीत राहतात. हात कोपरापर्यंत साबणानं धुतल्याशिवाय सरड्यांसाठीच्या मागच्या खोलीत मी जात नाही आणि तिथून परत येतानाही तेच. पाळीव सरड्याच्या आतड्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसतो, पण घरातल्या लहान पोराला किंवा म्हाताऱ्या माणसाला जुलाब-ताप लागतो. म्हणून त्याची भांडी मोरीत वेगळी धुवायची, स्वयंपाकघरात त्याला फिरू द्यायचं नाही, पाच वर्षांखालच्या पोराच्या हातात द्यायचा नाही. प्रेमानं त्याची पापी घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना मी स्पष्ट बजावतो.

या वेळेला फोनवर फोटो येऊन पडलेले असतात. बहुतेकांनी प्राण्याचा चेहरा पाठवलेला असतो. चेहऱ्यावरून मला फार कमी कळतं. सरड्याच्या जातीचा प्राणी आजार लपवतो. रानात जो अशक्त दिसतो तो आधी उचलला जातो, त्यामुळं शेवटची ताकद संपेपर्यंत तो उभा राहतो, डोळे उघडे ठेवतो, जवळ गेलात की मान उचलतो. तो मरगळलेला दिसायला लागला तेव्हा आजाराला कित्येक आठवडे झालेले असतात. म्हणून मी उलटा फोटो मागतो. पेटीचा, बल्बच्या खोक्याचा, थर्मामीटरचा, कालच्या विष्ठेचा. दुखणं बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

विष्ठेचे तीन भाग असतात. काळपट-तपकिरी मळ, त्याला चिकटलेला पांढरा खडूसारखा भाग आणि थोडं पाणी. हा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्लाचे क्षार, सरड्याची लघवी. तो पिवळा-नारिंगी आणि कडक झाला तर अंगात पाणी कमी आहे. हिरवट झाला तर उपास घडतोय किंवा यकृताकडं बघायला हवं. मळ पातळ आणि घाण वासाचा असेल तर जंत किंवा एकपेशीय परजीवी, त्यासाठी ताजा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली. गोठ्यातली बाई सकाळी शेणावरून म्हशीचं पोट ओळखते. काचपेटीच्या मालकाला ही सवय लावायला मला चारचार भेटी लागतात.

सकाळी १०.३०

मागच्या अंगणात जाळीच्या पिंजऱ्यात सध्या एक इग्वाना आहे. हिरवी, दोन वर्षांची मादी. कोल्हापुरातल्या एका कुटुंबानं ठेवून घ्या म्हणून सोपवलेली. आणली तेव्हा मी आधी कागद मागितला. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टातला. २०२२च्या दुरुस्तीनं अशा प्राण्यांना आपल्या वन्यजीव कायद्याची चौथी अनुसूची लागू झाली आणि २०२४च्या नियमांनुसार परिवेश संकेतस्थळावर त्यांची नोंद करावी लागते. या कुटुंबाकडं नोंद होती.

घरच्यांची तक्रार होती की ती हल्ली उडी मारत नाही आणि काचेवर पांढरी भुकटी उडवते. भुकटीचं काळजीचं काही नव्हतं. इग्वाना अंगातलं जादा मीठ नाकातल्या ग्रंथीतून शिंकून टाकतो, तेच काचेवर वाळतं. खरी खूण त्यांनी कौतुकानं दाखवली, "बघा सर, मांड्या कशा भरल्यात." दोन्ही मांड्या गोल, टणक, तुकतुकीत. बाळसं धरलंय असं त्यांना वाटत होतं. मी खालचा जबडा दोन बोटांत हलकेच धरला. तो कोवळ्या शेवग्याच्या शेंगेसारखा वाकला. मागच्या पायांची बोटं एकेक करून थरथरत होती. पोट जमिनीवरून उचलत नव्हतं.

रक्तातलं कॅल्शियम घटलं की सरड्याचं शरीर ते हाडातून उपसतं. म्हशीला हा उपसा जमण्याआधीच ती कोसळते. सरड्याचा उपसा मात्र महिनोन् महिने शांतपणे चालू राहतो. हाड पोकळ आणि मऊ पडतं, ते सावरायला शरीर हाडाभोवती तंतूंचं जाड वेष्टण चढवतं आणि मांडी भरल्यासारखी दिसते. आतून हाड मोडायला आलेलं असतं. याला चयापचयी अस्थिविकार म्हणतात. पाळीव सरड्यांचं सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं हेच आणि सगळ्यात टाळता येण्याजोगंही हेच.

कारणं घरातच होती. खाणं म्हणजे पालक, कोबी आणि लाडानं उकडलेलं अंडं. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, नुसत्या कोबीवर ठेवलं तर थायरॉइडच्या कामात अडथळा येतो आणि अंड्या-मांसातलं प्रथिन या पालाखाऊ प्राण्याच्या मूत्रपिंडावर ताण आणतं. पेटी खिडकीत होती, रोज ऊन येत होतं, म्हणून दिवा घेतला नव्हता. पण ऊन काचेतून येत होतं. उन्हातल्या ज्या अतिनील ब किरणांनी कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होतं, ते किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. ड३ नाही म्हणजे खाल्लेलं कॅल्शियमही आतड्यातून रक्तात जात नाही. दोन वर्षं ही इग्वाना उजेडात बसून होती आणि तरी उन्हाला पारखी होती. मला हे बघून फार वाईट वाटलं, कारण त्या घरात तिच्यावर जिवापाड प्रेम होतं.

आता तिचा दिनक्रम असा आहे. सकाळी दिव्याखाली अंग तापू द्यायचं. इग्वानाला शेकायची जागा ३२ ते ३५ अंश लागते. गार अंगात खाणं पचत नाही, पोटातच कुजतं, म्हणून आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. हा क्रम मी कधी मोडत नाही. थरथर होती तोवर कॅल्शियम ग्लुकोनेट मोजून टोचलं, आता तोंडावाटे थेंबांनी चालू आहे. सकाळी म्हशीला बाटलीभर, हिला सिरिंजच्या टोकाला लोंबणारा थेंब. वजनाच्या ग्रॅममागं हिशेब करावा लागतो. त्यामुळं घरातली माणसांची गोळी चुरडून घालू नका, गोठ्यातलं गोचिडाचं औषध अंगाला लावू नका, असं मी हात जोडून सांगतो. जनावरांच्या आयव्हरमेक्टिननं कासवं मरतात, काही जातींच्या सरड्यांनाही ते बाधतं आणि गोठ्यातलं फवारणीचं औषध एवढ्याशा कातडीवर विष ठरतं.

साडेदहाला ऊन. आपल्याकडं बाळाला कोवळ्या उन्हात धरायची रीत आहे. ऊब म्हणून ती चांगलीच, पण सूर्य खाली असताना अतिनील ब किरण हवेतच अडतात. सूर्य वर चढल्यावर ते खाली पोचतात, म्हणून मी तिला दहानंतर बाहेर काढतो. पिंजरा जाळीचा, अर्ध्यावर पोत्याची सावली. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नये, काही मिनिटांत आत भट्टी होते आणि प्राणी मरतो. पेटीसाठी अतिनील ब दिवा घेतला तर त्यावर खरेदीची तारीख लिहून ठेवायला सांगतो. दिवा वर्षानंतरही उजेड देत राहतो, पण त्यातले कामाचे किरण सहा महिने ते वर्षभरात ओसरतात. डोळ्याला फरक दिसत नाही.

खायला समोरच्या झाडाचा शेवग्याचा पाला, कुंपणावरची जास्वंद, तुतीची पानं आणि शेजारच्या गोठ्यातून रोज मूठभर लसूणघास. सगळ्यात कॅल्शियम भरपूर. शहरातले लोक बाहेरून आणलेल्या डबाबंद खाण्याची चौकशी करतात, तेव्हा मी त्यांना इथल्या बांधावर नेऊन दाखवतो. फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम पोटात जायला हवं, एवढा हिशेब पाळला की पुरे. किडे खाणाऱ्या सरड्यांचं गणित उलटं असतं. नाकतोडे, झुरळं यांत फॉस्फरसच जास्त, म्हणून त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरून द्यावी लागते.

चढायला फांदी मात्र अजून दिलेली नाही. पडली तर मांडी मोडेल. हाडं भरायला महिने लागतील आणि जबड्याचा बाक कदाचित कायमचा राहील. घरच्यांना हे पहिल्या दिवशीच सांगितलं. बोटांची थरथर थांबली आहे आणि काल ती चालताना पोट जमिनीपासून उचलत होती. एवढ्यावर मी सध्या समाधानी आहे.

दुपारी १.१५

कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगतच्या फडातून निरोप. ऊसतोडीच्या टोळीतली बीडकडची एक बाई स्वतः चालत आली होती. "सायेब, घोरपडीला कोयता लागलाय. मारायला बघत होते, म्या पोतं टाकलं तिच्यावर."

सकाळच्या गारठ्यात घोरपड पळूच शकत नाही. अंग तापल्याशिवाय तिचे स्नायू चालत नाहीत आणि तोड पहाटेच सुरू होते. पाचटात बसलेली ती कोयत्याखाली येते. चारेक फूट लांब, शेपटीच्या मधोमध जखम. पाल शेपूट टाकते आणि तिला नवी फुटते. घोरपडीची शेपूट गेली की गेली. डोक्यावर फडकं टाकलं, एका हातानं मानेमागं, दुसऱ्यानं कमरेशी धरलं, शेपूट काखेत दाबली, नाहीतर तिचा फटका बसतो. काखेत आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड होते. रानातल्या घोरपडीवर ते असतातच, थोडे असतील तर त्यानं तिचं फारसं बिघडत नाही. जखम सलाईननं धुतली, पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावलं, दाबून रक्त थांबवलं आणि पट्टी बांधली. तोंडात पाणी ओतायला कुणी पुढं आलं त्याला थांबवलं. घाबरलेल्या प्राण्याचं पाणी श्वासनळीत जातं.

माझं काम तिथं संपतं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण तेच तिला. पाळणं, मारणं, विकणं, सगळ्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन लावला आणि वनरक्षक येईपर्यंत तिला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, सावलीला ठेवलं. गाईम्हशींसाठी १९६२ आणि रानातल्या प्राण्यासाठी १९२६, हे दोन्ही क्रमांक मी दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले आहेत.

गर्दीतल्या एकानं तेलाचा विषय काढलाच. घोरपडीच्या तेलानं सांधे मोकळे होतात ही समजूत इथं अजून आहे. ती नुसती चरबी आहे. जत्रेत आणि पूजेच्या सामानात हातजोडी म्हणून जी वाळकी मुळी विकतात, तीही मुळी नसते. नर घोरपडीचं जननेंद्रिय कापून वाळवलेलं असतं. हे सांगितल्यावर टोळीतली माणसं गप्प झाली. ज्या बाईनं पोतं टाकलं होतं तिला मी सगळ्यांसमोर नमस्कार केला.

कोणी म्हणेल, पाळीव सरड्यांच्या गोष्टीत रानातली घोरपड कशाला? मला ही एकच गोष्ट वाटते. राधानगरीचं अभयारण्य इथून जवळ, १९५८ सालापासूनचं. त्याच्या आसपासच्या सह्याद्रीत सरड्यांच्या, पालींच्या किती तरी जाती फक्त इथल्याच आहेत. निमास्पिस कोल्हापुरेन्सिस ही दिवसा हिंडणारी इवलीशी पाल २००९ साली शास्त्राला नव्यानं कळली आणि तिला आपल्या जिल्ह्याचं नाव मिळालं. कंटाळा आलेला किंवा आजारी पडलेला परदेशी सरडा कुणी "निसर्गात सोडून दिला" तर त्याच्या अंगावरचे परजीवी आणि जंतू अशा जातींपर्यंत पोचू शकतात. सांभाळणं होत नसेल तर माझ्याकडं आणा, पण सोडू नका, असं मी प्रत्येकाला सांगून ठेवलंय.

दुपारी ४.००

गारगोटीहून कॉलेजचा मुलगा. बुटाच्या खोक्यात लेपर्ड गेको. "सर, पायाची दोन बोटं काळी पडलीत." सोबत त्यानं दर रविवारच्या वजनाची वही आणली होती. मी ती आधी वाचली. ६२ ग्रॅम, ६१, ६१, ५८, ५४. वही बघून मला जे कळलं ते गेकोला बघून कळलं नसतं. दहावा हिस्सा वजन उतरलं की डॉक्टरकडं यायचं, हा साधा नेम मी सगळ्यांना देतो. हा मुलगा तो पाळून आला होता.

शेपटीकडं बघितलं. या जातीची चरबी शेपटीच्या बुडाशी साठते. जाड शेपूट म्हणजे घरात धान्य आहे असं समजावं. याची बारीक झालेली. बोटांभोवती जुन्या कातीची कडी अडकून राहिलेली. कात टाकताना हवा कोरडी असेल तर ती बोटांवर, शेपटीच्या टोकावर, पापणीखाली अडकते, वाळून आवळते आणि रक्त तोडते. लेपर्ड गेको टाकलेली कात स्वतःच खाऊन टाकतो, त्यामुळं मालकाला पेटीत काही दिसत नाही आणि सगळी निघाली असं वाटतं. भिंग लावून बोटं मोजून बघायची, दर कातीनंतर.

कोमट पाण्यात, पोट बुडेल एवढ्याच पाण्यात, पंधरा मिनिटं ठेवला. मग ओल्या कापसाच्या काडीनं एकेक कडं बोटाच्या टोकाकडं लोटत काढलं. वाळकं ओढायचं नाही, खालची कातडी सोलून येते. दोन बोटांची टोकं वाचणार नाहीत, बाकीची वाचली. मुलगा सगळा वेळ श्वास रोखून बघत होता. त्याला डब्याला दार कापून, आत ओलं फडकं घालून, पेटीच्या उबदार बाजूला ठेवायला सांगितलं. खाली वाळू होती ती काढून साधा कागद घालायला सांगितला. वाळू किड्यांबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं.

आणखी एक विचारलं, रात्री हीटर कसा लावतोस? तळाखाली चटई होती, थर्मोस्टॅट नव्हता. पोटावर हात फिरवला, नशिबानं भाजलेलं नव्हतं. सरडे खालून येणाऱ्या आचेवरून वेळेवर उठत नाहीत, कातडी भाजून फोड आले तरी तिथंच बसून राहतात. थर्मोस्टॅट नसलेली चटई आणि तापणारा दगड, दोन्ही मी लगेच बंद करायला लावतो.

संध्याकाळी ६.३०

धारांची वेळ. वाळव्यात एका गाभण म्हशीचं मायांग बाहेर आलेलं. स्वच्छ पाण्यानं धुतलं, वर साखर पसरली. साखर सुजेतलं पाणी ओढून घेते, भाग आक्रसतो आणि मग आत ढकलता येतो. सरड्याचं गुदद्वारातून काही बाहेर आलं तर मालकांना मी हेच सांगतो. स्वच्छ कोमट पाण्यानं ओलं ठेवा, साखरेचं दाट पाणी लावा, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी निघा. स्वतः ढकलू नका. वाळलं तर कापावं लागतं.

परत येताना इग्वानाच्या घरी फोन केला. मादी आहे म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवायची होती. नराशिवायही ती अंडी धरते. खाणं सोडलं, जमीन उकरत सुटली आणि पोट फुगलं तर ती जाडी समजू नका. अंडी घालायला ओली माती भरलेला खोल डबा लागतो, तो नसेल तर अंडी आतच अडकतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. हाडांचा एक्स-रे काढायला पुढच्या आठवड्यात त्यांनी तिला शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात घेऊन जायचं ठरलं. जबड्याचं आणि मांडीचं हाड आतून किती भरलंय हे हात लावून कळत नाही.

रात्री ९.४०

कोल्हापुरातून फोन. तासाभरापासून वीज गेलेली, पेटी गार पडतेय आणि बिअर्डेड ड्रॅगन तोंड उघडं टाकून बसलाय. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. दिव्याखाली तापलेला असताना त्यानं जबडा उघडला तर ती जादा उष्णता सोडायची त्याची रीत असते. मी विचारलं, आत्ता दिवा बंद असताना उघडलाय? मान वर ताणलीय? श्वासाबरोबर टकटक आवाज येतो, नाकातोंडाशी बुडबुडे दिसतात? तिन्हीला हो. फुप्फुसांचा संसर्ग. सरड्याला पडदापटल नसतं, माणसासारखं खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, म्हणून तो आतच साचतो. अंग गार असेल तर प्रतिकारशक्तीही मंदावते आणि दिलेलं औषधही नीट काम करत नाही.

फ्लोरिडात २०२०च्या जानेवारीत थंडीची लाट आली तेव्हा झाडांवरून इग्वाना पडतील, दचकू नका, अशी सूचना तिथल्या हवामान कार्यालयाला काढावी लागली होती. गारठलेले कित्येक जण ऊन आल्यावर पुन्हा चालू लागले. धडधाकट सरडा गारठ्याची एखादी रात्र काढून जातो. आजारी सरड्याला ती रात्र महागात पडते.

फोन करणाऱ्याला सांगितलं, पेटीवर दोन गोधड्या टाक, हवेला एक कोपरा उघडा ठेव. बाटलीत गरम पाणी भर, हाताला सोसवेल एवढंच, टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेव, म्हणजे नको वाटलं तर त्याला दूर सरकता येईल. दर दोन तासांनी बदल. मेणबत्ती किंवा शेगडी खोलीत नको, धुरानं फुप्फुसं आणखी बिघडतील. खायला काही घालू नकोस, तोंडात पाणी सोडू नकोस, अंघोळ नको. छातीखाली फडक्याची घडी देऊन डोकं थोडं उंच ठेव. घरातलं कुठलंही प्रतिजैविक देऊ नकोस.

"सर, रात्र काढेल ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, ऊब टिकवलीस तर आशा आहे. वीज आली की आधी दिवा लाव आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. सकाळी नऊला दवाखाना उघडतो. कापडी पिशवीत घालून, पिशवी खोक्यात ठेवून, शेजारी गुंडाळलेली बाटली ठेवून आण. येताना बल्बचं खोकं, पेटीच्या दोन्ही टोकांचं तापमान लिहिलेला कागद आणि आजची विष्ठा डबीत घेऊन ये.